दोन श्रावण आणि कोरडा ऑगस्ट



२०२३ साली पंचांगात दोन श्रावण होते. १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि तो संपल्यावर १७ ऑगस्टला निज श्रावण. म्हणजे ऑगस्टचा अख्खा महिना श्रावणातच गेला. आणि देशाचा हिशेब मांडला तेव्हा तोच ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा निघाला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. सोयाबीन फुलोऱ्यात येऊन शेंगा धरायच्या ऐन वेळेला आभाळानं पाठ फिरवली.

पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर २०२४ ला, पोळ्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. खांदेमळणीचा दिवस. बैल नदीवर न्यायचे, तर नदीच शेताच्या बांधावर आलेली. नांदेड, हिंगोली, परभणी, तिन्ही जिल्ह्यांत पावसानं झोडपून काढलं.

आपल्या मराठवाड्याच्या माणसाला समुद्र म्हणजे लग्नानंतर एकदा बघून यायची वस्तू. नांदेडहून पश्चिमेला सरळ रेघ मारली तर अरबी समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटर. पूर्वेचा बंगालचा उपसागर त्याहून लांब. पण १ सप्टेंबरचा तो पाऊस तिथूनच आला होता. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, त्याच पहाटे त्यानं कलिंगपट्टणमजवळ आंध्रचा किनारा ओलांडला, विजयवाड्याला बुडवलं आणि वायव्येकडे सरकता सरकता तो आपल्या डोक्यावर रिकामा झाला. अरबी समुद्राकडून येणारं बाष्प सह्याद्री आधीच बरंचसं उतरवून घेतो. उरलंसुरलं आपल्याकडे येतं. म्हणून मराठवाड्याचा पाऊस बऱ्याच अंशी या पूर्वेकडच्या पट्ट्यांच्या भरवशावर चालतो. मृगाचा पाऊस पेरणीपुरता, धरणं भरायची ती पुढच्या नक्षत्रांनी, हे आपले जुने लोक सांगत आले, त्याचं मर्म यातच आहे.

आता समुद्राला काय झालंय ते पाहू. डॉ. सुलोचना गाडगीळ या मूळच्या पुण्याच्या. मोसमी पावसाचा त्यांच्याएवढा अभ्यास केलेली माणसं जगात थोडी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की समुद्राच्या पृष्ठाचं तापमान २८ अंशांच्या आसपासचा उंबरठा ओलांडतं, तेव्हाच त्याच्यावर ढगांची दाटी होऊ शकते. त्या खाली पाणी असेल तर आभाळ बहुधा मोकळं. उंबरठा ओलांडला म्हणजे पाऊस पडेलच असंही नाही, पण दार तरी उघडतं. माणसानं वातावरणात जी जादा उष्णता कोंडली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली. हिंदी महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आपल्या बाजूचा, १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आकडा मांडला.

एवढ्याशा एका अंशानं काय होतं, असं कुणीही विचारेल. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. पिशवी मोठी झाली म्हणा. मोठी पिशवी भरायला वेळ लागतो, तेवढे दिवस उघडीप. आणि ती फाटते तेव्हा एकदमच फाटते. याच संस्थेच्या २०१७ सालच्या अभ्यासात असं दिसलं, की गुजरातपासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस मोठ्या प्रदेशावर कोसळण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ दरम्यान जवळजवळ तिप्पट झाले. गंमत अशी, की याच पट्ट्यातला एकूण पाऊस या काळात घटला. कमी पाऊस, आणि पूर जास्त.

लहानपणी आपण झड पाहिली आहे. दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर. अंगावर घोंगडं, ओल्या लाकडांचा धूर, आणि बाहेर बारीक पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कंटाळा यायचा. पण जमिनीत पाणी मुरायचं ते त्या झडीनं. विहिरीला झरे फुटायचे ते तिच्यामुळं. आज गावात नव्या पोरांना ढगफुटी हा शब्द पाठ आहे, झड विचारली तर तोंडाकडं बघत राहतील. चार महिन्यांत आपल्या भागाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या घरात. पर्जन्यमापकाच्या नळीत साडेसहाशे मिलिमीटर चाळीस दिवसांत पडले काय आणि दहा दिवसांत पडले काय, आकडा तोच. जमिनीला मात्र ते दोन वेगळे पाऊस असतात.

याचा दाखला लातूरइतका दुसरीकडे मिळणार नाही. २०१५ साली तिकडे दूर प्रशांत महासागरात पेरूच्या किनाऱ्यापासून पाणी तापलं होतं. तिथल्या कोळ्यांनी त्याला नाताळच्या बाळाचं नाव दिलं, एल निनो. देशात त्या वर्षी सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला. धनेगावचं मांजरा धरण आटलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. साडेतीनशे किलोमीटरवरून. आणि सप्टेंबरच्या अखेरीस, त्याच वर्षी, त्याच लातूरला, पुराची बातमी. मांजरा भरलं.

सगळं खापर समुद्राच्या माथी फोडून मोकळं व्हायचं, असं मात्र मी म्हणणार नाही. धरणाच्या आसपास ऊस किती वाढला, हे लातूरकरांना मी सांगायची गरज नाही. आणि एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, हेही खरं नव्हे. १९९७ सालचा एल निनो फार जबरदस्त होता, तरी आपला पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागरातली परिस्थिती त्या वर्षी आपल्या बाजूनं होती. हे दोन समुद्रांचं वजन एकत्र तोलायला हवं, हा आग्रहही गाडगीळ बाईंचाच. शाळेत आपण शिकलो, की जमीन तापते म्हणून वारे समुद्राकडून येतात. बाईंचा त्यावरचा आक्षेप साधा होता: पाऊस कमी पडतो त्या साली जमीन जास्त तापलेली असते, मग तेव्हा पाऊस जास्त का पडत नाही?

२०२५ सालचं नांदेड जिल्ह्यातलं मुखेड तुमच्या डोळ्यांसमोर असेल. ऑगस्टच्या मध्यावर एका रात्रीत दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर लातूर, उदगीर आणि कर्नाटकाकडून लेंडी नदीला आलेला लोंढा. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावं पाण्यानं वेढली. लोकांना छपरावरून काढायला लष्कराची तुकडी बोलवावी लागली. पुढे सप्टेंबरात लातूर-धाराशिवकडं काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या बनीमी पाण्यात गेल्या, उभ्या शेंगांना कोंब फुटले.

आणि आपले कागद अजून जुन्याच पावसावर चालले आहेत. धर्माबादजवळचा गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलैला उचलायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे. तेलंगणाच्या हक्काचं पाणी अडू नये, हा त्यामागचा विचार, तो समजण्यासारखा आहे. पण त्या चार महिन्यांत गोदावरी जेव्हा दोन-तीन दिवसांच्या लोंढ्यातच वाहून घेते, तेव्हा २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात ते मागे उरलेल्या पाण्यावर. त्या दिवशी कधी तिकडं गेलात तर पुलावरून पात्रात डोकावून बघा.