विहारातील रविवारचा वाचनवर्ग

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून बोलायला सुरुवात करतो. समितीने आम्हाला रविवारच्या वाचनवर्गाविषयी दोन शब्द सांगायला उभे केले आहे. हा वर्ग चालवणारे आम्ही चार-पाच जण. कुणी त्रासन खात्यातला, कुणी साच्यावरचा, एक बेस्टमधला, एक ताई बालवाडीवरच्या. आमच्यात प्राध्यापक कुणी नाही. आमचे शिक्षण म्हणाल तर कुणाचे सातवी, कुणाचे नववी नापास. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, खोलीतला दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून जिन्यात बसून वाचले. तेव्हा भाषेत अशुद्ध आले तर सांभाळून घ्या.

दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, आपल्याकडे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण माईकवर वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी खीर होते. हे बंद करा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्या निमित्ताने माणूस घराबाहेर पडतो, विहाराची पायरी चढतो. पण वाचून झाल्यावर कुणाला विचारा, बाई, आजच्या पानात काय होते? तर, ‘लई चांगलं होतं,’ एवढेच उत्तर येते. ग्रंथ कापडात गुंडाळून परत कपाटात. मंडळी, ज्या पोथ्या आपल्या वाडवडिलांनी सोडल्या, त्यांच्याच जागी आपण ही एक नवी पोथी आणून ठेवतोय की काय, ही शंका आम्हाला यायला लागली, आणि त्यातून रविवारचा वर्ग निघाला.

अशा वर्गाची कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1924 साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आपल्या परळच्या दामोदर हॉलमध्ये. त्या सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे होती, वाचनालये होती, तशीच अभ्यासमंडळेही होती. ज्यांना पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते त्यांच्यासाठी अभ्यासमंडळ! आणि त्याच्याही आधी, 1873 मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती कशी? धोंडीबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जबाबात. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. तो धोंडीबा विचारायचा थांबला असता तर पुस्तक पुढे सरकलेच नसते. आमच्या वर्गात आम्हाला असे धोंडीबा हवे आहेत.

आता वर्ग कसा चालतो ते सांगतो. सुरुवातीला संध्याकाळी सातला ठेवला होता. बायका येईनात. का, तर सातला कुकर लावायचा असतो. मग दुपारी चारला केला, तशी बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली! एका बैठकीला एक-दोन पानेच वाचायची. ग्रंथातल्या वाक्यांना आकडे घातलेले आहेत, त्याचा फार फायदा होतो. ‘बाराव्या आकड्याला थांबा,’ असे कुणीही म्हणू शकतो. दहा वाक्ये झाली की वाचणारा बदलतो. ज्याला वाचता येत नाही तो ऐकतो आणि विचारतो. अवघड शब्द एका शब्दवहीत लिहायचे. परिव्रज्या म्हणजे काय, अनित्य म्हणजे काय, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय. अर्थ मात्र शब्दकोशातला उतरवायचा नाही, आपल्या बोलीत लिहायचा. आणि पहिला प्रश्न नव्या माणसाचा, हा नियम. जुन्याने तोपर्यंत गप्प बसायचे.

हा शेवटचा नियम पाळायला फार जड जातो. दहा पुस्तके वाचलेला माणूस गप्प बसत नाही. त्याला वाटते, उत्तर मला येतेय तर हे सगळे कशाला खोळंबलेत? त्यावर आम्ही मिलिंदाची गोष्ट सांगतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदंत नागसेनांना म्हणतो, चला, चर्चा करू. नागसेन विचारतात, पंडितासारखी करणार की राजासारखी? फरक काय, तर पंडितांच्या चर्चेत उलगडा होतो, चूक दाखवली जाते, ती कबूलही होते, आणि तरी कुणी रागावत नाही. राजा मात्र एक मुद्दा धरतो आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा फर्मावतो. आता आमच्याकडे राजे कुठून येणार? पण मंडळी, एखाद्या बाईने काही विचारले आणि कुणी नुसते तोंड वाकडे करून हसला, तरी तीसुद्धा राजाचीच शिक्षा आहे. ती बाई पुढच्या रविवारी येत नाही.

त्याच ग्रंथात रथाचा दृष्टान्त आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? हे वाचताना पोरे जांभया देत होती. रथ बघितलाय कुणी? तेव्हा आमच्यातला एक साचेवाला म्हणाला, रथ सोडा, साचा घ्या. धोटा म्हणजे साचा का? नाही. फणी? नाही. बीम? नाही. मोटार, पट्टा? नाही. सगळे सुटे करून खाली मांडले तर साचा आहे का? नाही. जुळवले, चालू केले, कापड निघाले की म्हणायचे साचा. पुढे गिरणी बंद पडली, भंगारवाल्याने तेच सगळे किलोवर नेले. साच्याचा आत्मा काही कुणाच्या वजनात आला नाही! त्या दिवशी अनात्मवाद जेवढा कळला तेवढा कुठल्या व्याख्यानाने कळला नव्हता.

पण कळले म्हणजे संपले असे होत नाही. दोन रविवारांनी एक आजी आल्या. पहिल्यांदाच. मागे भिंतीला टेकून बसल्या. वाचन चौथ्या खंडातले चालले होते, पुनर्जन्म कशाचा आणि कुणाचा, ते. आजींनी विचारले, ‘आत्मा नाय म्हनता, मग माजा पोरगा गेला तो कुटं गेला?’ हॉलमध्ये कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मुलगा कसा गेला ते वस्तीत सर्वांना ठाऊक होते. आम्ही पुढचे वाचले. देह ज्या चार धातूंचा, पृथ्वी, आप, तेज, वायू, ते त्या-त्या साठ्यात जाऊन मिळतात. काहीच नाहीसे होत नाही, पण आत्मा म्हणून कुणी दुसऱ्या देहात जात नाही. आजी म्हणाल्या, ‘म्हंजे मातीत हाय, पान्यात हाय, वाऱ्यात हाय. पर माज्यासंगं बोलायला नाय.’ यावर उत्तर काय द्यायचे? आम्ही दिले नाही. शेजारच्या बाईने त्यांचा हात धरला आणि त्या दिवसापुरते वाचन तिथेच थांबवले. आजी पुढच्या रविवारी आल्या. अजून येतात. आणि बरे का, त्यांनीच पुढे विचारले की सगळे अनित्य आहे हे बुद्धाला ठाऊक होते, तर किसा गोतमीला त्यांनी ते सरळ सांगून का टाकले नाही, तिला मोहरीसाठी दारोदार का फिरवले? यावर आम्ही पाऊण तास बोलत होतो.

हे सांगायचे कारण असे. आपल्याच काही शिकलेल्या बांधवांचे म्हणणे पडले की, असले प्रश्न म्हणजे जुन्या अंधश्रद्धेचा अवशेष आहे, त्यात वेळ जातो. तेव्हा दोन वर्ग करा, जाणकारांचा वेगळा आणि नवख्यांचा वेगळा. सूचना वाईट हेतूने आलेली नाही. पण आमचा तिला विरोध आहे आणि तो आज सर्वांसमोर मांडतो. जाणकारांच्या वर्गात आजींचा प्रश्न कोण विचारणार? तिथे सर्वांना उत्तरे आधीच पाठ असणार. आणि नवख्यांच्या वर्गात काय होईल? एक गुरुजी सांगणार, बाकीचे माना डोलावणार. म्हणजे फिरून पठणच.

दुसरा आक्षेप याहून कडक आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथावर शंका घ्यायची, हे शोभते का? अशांना आमची हात जोडून विनंती आहे की ग्रंथाची प्रस्तावना वाचा. बहुतेक जण ती ओलांडूनच पुढे जातात. बाबासाहेब तिथे चार प्रश्न मांडतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले हे पटण्यासारखे आहे का? एकोणतीस वर्षे हे त्याच्या दृष्टीस पडलेच नव्हते का? चार आर्यसत्ये ही मूळची शिकवण की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक? आणि वाचकांनीही यांच्या उत्तरात आपला वाटा उचलावा अशी आशा ते व्यक्त करतात. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, ग्रंथ 1957 साली छापून आला. कुणी वाटा उचलला आणि कुणी नाही, हे बघायला ते राहिले नाहीत.

कॉलेजात जाणाऱ्या आपल्या एका मुलीने दुसरा प्रश्न धरला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. म्हणाली, बाबासाहेबांना शंका होती, तर आपण चार आर्यसत्ये तक्त्यावर लावून ठेवलीत ती काय म्हणून? दोन रविवार वाद झाला. तक्ता अजून तिथेच आहे, वादही मिटलेला नाही. पण त्या वादापायी चार घरांत ग्रंथ विकत घेतला गेला.

कालामांचे सुत्त तर आपण सगळेच सांगतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. आमचे मत असे की आपण ते अर्धेच सांगतो. पुढच्या भागात बुद्ध स्वतः कालामांना प्रश्न विचारतात. लोभ माणसात उपजला तर त्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? आणि उत्तर कालामांच्याच तोंडून येते. नुसते ‘मानू नका’ म्हणणे सोपे आहे, ते आमचा शाळकरी नातूही म्हणतो. आपल्या जगण्यात घालून बघा, हा भाग कठीण, आणि तो एकट्याने होत नाही. घरी दारू कुणी आणतो, बायकोवर हात कुणी उगारतो, मुलीचे शिक्षण कुणी थांबवतो, हेही त्या वर्गात निघालेले आहे. नावे घेत नाही.

आता समितीला एक विनंती. रविवारी दुपारी हॉल साखरपुड्याला, वाढदिवसाला भाड्याने द्यावा असा विचार चालला आहे, असे कानावर आले. विहाराला पैसा लागतो, रंगकाम राहिले आहे, सगळे मान्य. पण चार ते साडेपाच एवढा दीड तास सोडून भाडे घ्या. मांडववाले तोपर्यंत खुर्च्या मांडतील, आम्ही कोपऱ्यात बसू. आणि ग्रंथांच्या कपाटाची किल्ली एका पदाधिकाऱ्याच्या घरी न ठेवता विहारातच खिळ्याला असावी. पुस्तक चोरीला गेले तर गेले. वाचणाऱ्यानेच चोरले असणार!

येत्या रविवारपासून आम्ही पुन्हा पहिल्या खंडापासून सुरू करतोय. शाक्य आणि कोलीय यांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला तंटा आणि संघात सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध, इथून पुढचे वाचायचे आहे. त्याबरोबर धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ मधला तोच विषय घेऊ, म्हणजे दोघांचे ताडून बघता येईल. नळावरची भांडणे बघितलेल्यांना हा भाग समजावून सांगायची गरज पडणार नाही. आधी काही वाचलेले नसले तरी चालेल. पुस्तक नसले तरी चालेल, विहारात पाच प्रती आहेत, दोघांत एक धरू. लहान मूल असेल तर घेऊन या, ते रडले तर आम्ही थांबू. ज्येष्ठांनी फक्त चष्मा विसरू नये, मागच्या खेपेला एकच चष्मा तिघांत फिरत होता.

जय भीम! जय बुद्ध!