विंचवाचं विष अंगात काय करतं?

जाळी उचलताना, लाकडं काढताना, पेंढा ओढताना विंचू चावतो. लाल विंचू दिसायला लहान, पण त्याचं विष मज्जातंतूंवर काम करतं. मज्जातंतू म्हणजे मेंदूचे निरोप नेणाऱ्या तारा. त्यांत सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. विष ती उघडीच ठेवतं. निरोप थांबत नाहीत, रक्तात ॲड्रेनालीन उसळतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं.

महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७६ पासून असे रुग्ण पाहिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. रक्तदाबावरची प्राझोसीन ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. ती त्यांनी वापरली आणि मृत्यू फार कमी झाले.

म्हणून ध्यानात ठेवा. दुखणं कमी, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, हे धोक्याचं. लहान मुलांना तर जास्तच. चिरा देऊ नका, भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची. पुढच्या गटाच्या बैठकीत हे नक्की सांगा.