डब्यातला पैसा आणि बँकेतला पैसा

(कुटुंबमेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



बचत करा, हे मराठी मध्यमवर्गाला सांगण्यासाठी वक्ता बोलावण्याचे कारण नाही. तो संस्कार आपल्याला आईच्या डाळीच्या डब्यातूनच मिळाला आहे. माझा प्रश्न निराळा आहे. साठवलेला पैसा अडचणीच्या दिवशी हाताशी असतो का?

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला प्रारंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत एक लाखावर पोहोचली, ती जून २०२० मध्ये. शाखेबाहेरच्या त्या रांगेपाशी मी वार्ताहर म्हणून उभा होतो. रांगेत उधळे कोणी नव्हते. जन्मभर काटकसर केलेली माणसे होती. एक निवृत्त गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला पासबुक उघडून दाखवीत होते. निवृत्तिवेतन तेथेच, मुदतठेव तेथेच, पत्नीच्या औषधांचे पैसेही तेथेच. बँकेच्या पोटात काय शिजते आहे हे सामान्य ठेवीदाराने कसे ओळखावे? दोष त्यांचा नव्हताच.

पुढे ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. मात्र ते एका बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी व व्याज एकत्र धरून असते. चार शाखांत चार खाती म्हणजे चार विमे नव्हेत! २०२१ च्या दुरुस्तीनुसार, बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. चांगलेच झाले. पण नव्वद दिवस वाणी थांबेल? घरमालक थांबेल? म्हणून किमान तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत, साध्या बचत खात्यात ठेवावा. व्याज कमी मिळेल, मिळू द्या.

आणखी एक. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अनेक घरांतले डबे उघडले आणि गृहिणीने किती साठवले होते, ते पतिराजांना प्रथमच कळले. आपण हसलो. पण आपल्या मुदतठेवी कोठे आहेत, हे पत्नीला सांगितलेले किती जण येथे आहेत? पुरुषमंडळींनी हात वर करू नयेत, भगिनींनी करावेत... पाहा, मोजायला फार वेळ लागला नाही.

आज घरी गेल्यावर सर्व पासबुके आणि ठेवींच्या पावत्या पत्नीसमोर मांडा. खाते एकट्याच्या नावावर असेल, नामनिर्देशन राहिले असेल, तर सोमवारी बँक उघडतेच आहे.