धुळ्याच्या वास्तू आणि आपले दायित्व



धुळ्याचा वारसा म्हटला की लळिंगचा किल्ला आठवतो. परंतु धुळे शहराची आखणी हाही एक वारसाच आहे. 1818 मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि पुढील वर्षी कॅप्टन ब्रिग्ज यांनी जुन्या वस्तीलगत सरळ, समांतर गल्ल्यांची नवी पेठ वसविली. आजही तेथील पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगितला जातो.

याच शहरात 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे निवर्तले. त्यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या कागदांना 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात आश्रय मिळाला. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते जतन केली. या वास्तूंचे मोठेपण त्यांनी जे सांभाळले त्यात आहे.

आपल्या शिंदखेडा परिसरात सागवानी खांबांची, धाब्याची जुनी घरे पाडली जात आहेत. त्यांबरोबर माळ्यावरच्या वह्या, खतपत्रेही रद्दीत जातात. घर पाडणे कधी अपरिहार्य असते. तथापि तत्पूर्वी त्याचे मोजमाप व छायाचित्रे घ्यावीत, जुने कागद जाणकारांना दाखवावेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प आपण करावा, ही नम्र विनंती.