वसईच्या दप्तरांत पूर्वजांचा शोध



कुलवृत्तांत सिद्ध करण्याची थोर परंपरा महाराष्ट्रात आहे. तथापि नावे व पिढ्या जुळल्या, तरी पूर्वजाच्या नावापुढील व्यवसायाचा शब्द वाचताना अनेक अभ्यासक अडखळतात. वसई प्रांतात ही अडचण अधिकच जाणवते. येथे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर मोडी दप्तर आले, पुढे इंग्रजी कागद आले. एकाच कुळाची माहिती अशी तीन भाषांत विखुरली.

जुना शब्द आजच्या अर्थाने वाचणे, हा पहिला धोका होय. शिवकाळातील हवालदार हा पोलीस कर्मचारी नव्हे, तर गडाचा प्रमुख अधिकारी. हजेरी व हिशेब सबनीस पाही. धान्यसामग्रीची कोठारे कारखानिसाकडे असत. ही पदे निरनिराळ्या ज्ञातींतील माणसांकडे सोपविण्याची दूरदृष्टी छत्रपती शिवाजी महाराजांनी दाखविली होती. कारखानिसास कारखानदार मानणाऱ्याला ही राज्यव्यवस्था दिसतच नाही.

शब्दाच्या रूपावरून तर्क लढविणे, हा दुसरा धोका. 'शिलोत्री' या शब्दाचा दगडाच्या शिळेशी संबंध लावण्याचा मोह होतो. वस्तुतः खाडीचे पाणी बांध घालून अडवावे, खाजण लागवडीस आणावे आणि त्या बांधाची निगा राखावी, असे त्याचे काम. 'तांडेल' हे आज कोळी बांधवांचे आडनाव आहे; मुळात तो नौकेवरील खलाशांचा म्होरक्या.

कालनिर्णयही तितकाच महत्त्वाचा. मोडी कागदात 'तिसा सलासीन मया व अलफ' असे आढळले, तर ते शुहूर सन ११३९, म्हणजे इसवी सन १७३८-३९, अर्थात वसईच्या रणसंग्रामाचेच वर्ष! मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्दही सलग लिहिले जातात. म्हणून एका शब्दावर निर्णय न देता त्यापुढील वेतन, इनाम, गाव यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात.

सर्वांत मोठा धोका मात्र मनातील आहे. हलका वाटणारा उद्योग वगळून त्या जागी 'सरदार' असे लिहिण्याचा मोह काहींना होतो. माडी काढणे हा ज्या भंडारी समाजाचा परंपरागत उद्योग, त्याच समाजातील मायनाक भंडारी १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी झुंजले. वसईच्या वेढ्यात तटाखाली सुरुंग खोदले गेले. ते खोदणारे हात पुसून टाकले, तर विजयाचा इतिहास अर्धाच उरतो.

यास्तव मूळ शब्द जसाच्या तसा उतरवावा. अर्थ, सन व दप्तराचे नाव शेजारी नोंदवावे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात, घरातील वृद्धांना विचारावे. कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ अशा प्रत्येक समाजातील दोन तरुणांनी जरी मोडी शिकण्याचा संकल्प केला, तरी वसईच्या घराघरांतील रुमाल उघडू लागतील.