विद्यापीठ, उद्योग आणि धारूरचे सीताफळ



बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेल्या धारूर परिसरात दसरा-दिवाळीच्या सुमारास दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. उतारावरील सीताफळांचे डोळे उघडू लागतात आणि त्याच आठवड्यांत ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने माणसे निघण्याच्या घाईत असतात, आणि फळालाही थांबता येत नाही. तोडल्यानंतर ते तीन-चार दिवसांत पिकते. पिकल्यावर एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून रस्त्याकडेला आणलेली पाटी त्या दिवशी मिळेल त्या भावाने द्यावी लागते. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. फळाला नाव मिळाले. टिकाऊपणा मात्र अद्याप मिळवावयाचा आहे. हे काम शेतीशास्त्राइतकेच अभियांत्रिकीचे आहे. विद्यापीठे आणि उद्योग एकत्र येऊन अशी कामे कशी करतात, हे म्हणूनच धारूरनेही समजून घेतले पाहिजे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाई व धुलाईचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. त्या काळात, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभीचे विषय होते. उद्योगपतींच्या देणग्यांतून तेथे अध्यासने उभी राहिली. प्राध्यापक कारखान्यांच्या अडचणी समजावून घेत आणि त्या अडचणींतून संशोधनाचे विषय निघत. याच विभागातील प्राध्यापक मनमोहन शर्मा यांची १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीवर निवड झाली.  कारखान्याचा प्रश्न हाताळल्याने विद्येची उंची कमी होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. २००८ साली या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०१८ पासून त्या संस्थेचा एक परिसर मराठवाड्यात, जालना येथे सुरू झाला.

अमेरिकेतही १९८५ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांतून अभियांत्रिकी संशोधन केंद्रांची योजना आखली. प्रारंभी सहा केंद्रे निवडण्यात आली. अनेक विद्याशाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून उद्योगांच्या सहभागाने एकाच मोठ्या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करावे, हे त्या योजनेचे सूत्र होते.

अशा केंद्राची खरी कसोटी काचपात्र आणि कारखाना यांच्यामधल्या अंतरावर लागते. प्रयोगशाळेत काही ग्रॅम पदार्थावर साधलेली क्रिया काही टनांवर तशीच साधत नाही. उष्णता निराळी पसरते, नळ्या तुंबतात, खर्च वाढतो. त्यासाठी मध्ये प्रायोगिक संयंत्राची पायरी लागते आणि तिचा भार एकट्या विद्यापीठाला पेलत नाही. शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याचे तंत्र मुंबईच्या याच संस्थेतील जैवऊर्जा केंद्राने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विकसित केले. रोज दहा टन काडीकचरा हाताळणारे त्याचे प्रात्यक्षिक संयंत्र २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे एका खाजगी कारखान्याच्या आवारात कार्यान्वित झाले. शासनाचा निधी, विद्यापीठाचे ज्ञान आणि उद्योगाची जागा व अनुभव या तिहींचा तेथे मेळ बसला.

आता याच दृष्टीने सीताफळाकडे पाहावे. त्याचा गर हवेशी संपर्क येताच तांबूस पडू लागतो. तो रोखण्यासाठी तापवावा, तर कडवट होतो. त्यामुळे आंब्याचा रस डबाबंद करण्याची रीत येथे चालत नाही. बी विषारी असल्याने गर काढणाऱ्या यंत्रात ती फुटून चालत नाही. गर उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवता येतो. परंतु त्यासाठी अखंड वीज आणि गावापासून बाजारापर्यंत शीतव्यवस्था हवी. डोंगराळ गावात, थोड्या विजेवर, वर्षातून मोजकेच आठवडे चालूनही परवडेल असे छोटे संयंत्र कसे असावे, हा अभियंत्याने सोडवावयाचा प्रश्न आहे.

तो सोडविण्याची साधने फार दूर नाहीत. परभणीच्या कृषि विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र शेजारच्या अंबाजोगाईत आहे, आणि तेथून पुढे आलेल्या एका वाणाचे नावच ‘धारूर-६’ असे आहे. याच विद्यापीठात कृषि अभियांत्रिकीचे आणि अन्नतंत्राचे शिक्षण व संशोधनही चालते.

केंद्राला मात्र नेमका प्रश्न हवा असतो. ‘सीताफळ वाया जाते’ ही तक्रार झाली. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात, किती क्विंटल फळ येते, ते कोणत्या भावाने जाते, रस्ता किती दूर आहे, वीज किती तास असते, ही माहिती हाती आली की तक्रारीचा प्रश्न होतो आणि प्रश्नावर आराखडा बेतता येतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून झाडांची मोजणी करून घ्यावी. पंचायत सदस्यांनी ती ग्रामसभेपुढे ठेवावी. अधिकाऱ्यांनी ती विद्यापीठापर्यंत पोहोचवावी. पुढे उद्योगाशी करार होईल, तेव्हा डोंगरातून फळ वेचून आणणाऱ्या स्त्रिया आणि झाडे राखणारे शेतकरी हेही आपल्या संस्थेमार्फत त्यात सहभागी असले पाहिजेत. अन्यथा यंत्र गावात येईल आणि नफा गावाबाहेर जाईल.

एका गर केंद्राने ऊसतोडणीचे स्थलांतर थांबेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हंगाम लहान आहे आणि गरजा मोठ्या आहेत. परंतु डोंगराच्या फळाचे रोख पैसे वेळेवर हाती आले, तर पुढील वर्षीची उचल तेवढी कमी घ्यावी लागेल. ज्या घरात ती कमी होईल, त्या घराच्या दृष्टीने संशोधनाचे मोल याहून निराळे मोजण्याचे कारण नाही.