गाडीपासून सुरुवात करू या



मी आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. वाहन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मटेरियल्सचा पहिला पेपर आपण कुठून शिकवायला लागतो? बहुतेक ठिकाणी स्फटिकांच्या रचनेपासून. मग अणूंच्या मांडणीतले दोष, मग लोह-कार्बन आकृती. गाडी येते ती शेवटच्या प्रकरणात, 'उपयोग' या मथळ्याखाली, आणि तोवर सत्र संपत आलेलं असतं. हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी गाडीचा एखादा भाग समोर ठेवावा, त्याच्याविषयी प्रश्न विचारावा, आणि उत्तराला जेवढं शास्त्र लागेल तेवढं तिथेच शिकवावं.

आपल्या अनेक महाविद्यालयांची मुलं बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधतात. तिच्या रोल केजचा नियम म्हणजे मटेरियल्सचा एक उत्तम धडा आहे. पोलादात निदान 0.18 टक्के कार्बन हवा. नळी 25.4 मिलिमीटर व्यासाची, 3 मिलिमीटर जाडीची, 1018 या साध्या पोलादाची असावी; दुसरी वापरायची तर वाकताना तिचा ताठपणा आणि तिची ताकद, दोन्ही या नळीइतकी तरी हवीत. नियम या दोन गोष्टी वेगवेगळ्या मागतो, आणि नेमका इथेच विद्यार्थी अडखळतो. 4130 हे मिश्र पोलाद घेतलं की केज कमी लवेल, असं त्याला वाटतं. पण पोलाद साधं असो वा मिश्र, त्याचा लवचीकतेचा गुणांक सुमारे 205 गिगापास्कलच राहतो.

मग आकडेमोड करायला लावावी. 31.75 मिलिमीटर व्यासाची आणि 1.65 मिलिमीटर जाडीची नळी घ्या. पहिलीचं वजन मीटरला सुमारे 1.66 किलो, हिचं 1.22 किलो. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वजन गेलं, आणि ताठपणा मात्र तीस टक्क्यांनी वाढला. 1018 तेच ठेवलं तरी वाकण्याची ताकद किंचित जास्तच भरते. जे साधलं ते आकारानं साधलं! पातळ भिंतीला पोचा लवकर येतो आणि वेल्डिंग करताना ती जळून भोक पडू शकतं, हेही त्याच तासाला सांगावं. मिश्र पोलादाचा जास्तीचा खर्च कुठे सार्थकी लागतो आणि कुठे नाही, हे ज्याला या एका उदाहरणातून कळलं, त्याला निम्मा विषय कळला असं मी म्हणेन.

याच्या जोडीला एक प्रयोग सुचवतो. स्प्रिंग स्टीलच्या एकाच मापाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. एक तापवून भट्टीतच हळूहळू थंड होऊ द्यावी. दुसरी तापवून तेलात बुडवावी. तिसरी तेलात बुडवल्यावर पुन्हा साडेचारशे अंशांच्या आसपास तापवून टेंपर करावी. आता तिन्हींना सारखंच हलकं वजन टांगा. तिन्ही सारख्याच लवतात. वर्गात हे पाहताना मुलांचा विश्वास बसत नाही, मोजपट्टी पुन्हा लावून पाहतात. मग वजन वाढवत न्या. पहिली वाकते ती वाकलेलीच राहते, दुसरी काडकन मोडते, तिसरी खूप लवून पुन्हा सरळ होते. गाडीचा पाटा तिसऱ्या पट्टीसारखा का घडवतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. रासायनिक घटक तिन्हींत एकच, फरक फक्त त्यांच्यावर काय काय घडलं याचा.

लोह-कार्बन आकृती फळ्यावर यावी ती या क्षणी. साध्या पोलादात 727 अंशांच्या वर रचना बदलू लागते, आणि ते थंड किती वेगानं झालं यावर पुढचं सगळं ठरतं. रोल केजच्या वेल्डिंगलगत चिवट पोलादही ठिसूळ का होऊ शकतं, 20एमएनसीआर5 च्या गिअरला वरून कार्बन देऊन दाताचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट का ठेवतात, या प्रश्नांसाठी ती आकृती आहे. प्रश्नच नसेल तर ती नुसती पाठ होते, आणि परीक्षेनंतर पुसली जाते.

धातूच्या थकव्याचंही तेच. ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या रेल्वेचे आस तपासले ते आस तुटत होते म्हणून. एका खेपेला सहज पेलणारा भार लाखो वेळा उलटसुलट आला की धातूला तडा जातो, हे त्यांनी पद्धतशीर दाखवलं. आपल्या भोवतीही तुटलेले भाग काही कमी नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत फुकट गेलेलं ओतकाम मिळेल, भोसरी-चाकणच्या गॅरेजात तुटलेला शाफ्ट मिळेल. प्रयोगशाळेत मात्र आपण वर्षानुवर्षं तेच तयार नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, ज्यांची उत्तरं मुलांना वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आधीच ठाऊक असतात. हे मला फार खुपतं. तुटलेल्या शाफ्टवरच्या लाटांसारख्या खुणा वाचत तडा कुठून सुरू झाला ते शोधायला मुलाला बसवा, तो तहानभूक विसरतो.

विद्युत वाहनांसाठी एक नवं प्रकरण जोडा, अशी मागणी आता होते. मला तो उपाय वाटत नाही. मोटरमधलं निओडिमियमचं चुंबक तापलं की त्याचं चुंबकत्व का घटतं, ॲल्युमिनियमची बॅटरी-पेटी पोलादाच्या बोल्टनं आवळली तर कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत कोणता धातू आधी झिजतो, हे प्रश्न त्याच पहिल्या पेपरात बसतात.

त्यासाठी जागा करायची तर काही गाळावं लागेल. चौदा ब्राव्हे जालकं नावानिशी पाठ करून घेणं थांबवावं, लोखंड काढण्याच्या भट्ट्यांची वर्णनं कमी करावीत. आणि लेखी परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात तुटलेल्या भागाचं छायाचित्र, कठीणपणाची मोजणी आणि सूक्ष्मरचनेचं चित्र दिलेलं असेल, आणि तो भाग का तुटला हे विद्यार्थ्यानं कारणांसह लिहायचं असेल. असे प्रश्न काढणं एकट्या शिक्षकाला जड जातं. कारखान्यांतून आलेल्या मित्रांना माझी विनंती आहे की नाव-गाव झाकून का होईना, आपल्याकडचे तुटलेले भाग आणि त्यांचे तपासणी अहवाल आम्हाला द्यावेत. दुपारच्या सत्रात अभ्यासक्रमावर चर्चा आहे, तिथे या देवाणघेवाणीची रीत आजच ठरवू या.